बारा नंबरचा व्हॉल्व्ह

आपल्याकडे ऑक्टोबरच्या नावाने बोटं मोडतात.
इथे शारजामध्ये तो आला
की लोक खिडकी बोटभर उघडून बघतात,
खरंच आलाय का.
चार महिने एसीच्या पोटात राहिलेली माणसं
एकाच संध्याकाळी
खालिद खाडीच्या काठावर सांडतात.

मीही उतरतो नवव्या मजल्यावरून.
बूट गेल्या वर्षीचेच,
तळव्यांच्या खाचांत मार्चमधली वाळू.
शैलजा दारातून सांगते, दोन फेऱ्या,
आणि येताना कोथिंबीर.

विटकरी रबराची वाट
पावलाला हलकेच परत ढकलते.
पहिली दहा मिनिटं गुडघा कुरकुरतो,
मग त्यालाही हवा लागते.
पुढे एक मिसरी आजी बाबागाडी ढकलत चाललीय,
गाडीत नातू नाही, कलिंगड आहे,
पट्टा लावलेलं.
कठड्यापाशी दोघे मल्याळी गळ टाकून बसलेत.
बादलीत मासा एक,
त्याला बघायला पोरं सात.
फिलिपिनो मुली मोबाइल टेकवून नाच बसवतात,
चुकतात, हसतात,
पुन्हा एकपासून.
मगरिबची अजान पाण्यावरून दोनदा येते,
एकदा मिनारातून,
एकदा पलीकडच्या काचांवर आपटून,
जराशी उशिरा, जराशी मऊ.

मी गळतीचा माणूस आहे.
एकोणीस वर्षं त्याचाच पगार घेतोय.
नळी कुठे फुटली, जोड कुठे सैल,
किती लिटर वाया,
सकाळी आठपर्यंत अहवाल.
फिरायला आलो तरी कान कामावरच असतात.
म्हणून तर ऐकू आलं
कडुनिंबांच्या रांगेत,
बारा नंबरच्या व्हॉल्व्हपाशी,
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग
टप्.

वाकून पाहिलं.
ठिबकच्या नळीचा जोड अर्धा आटा सैल.
खाली मातीत दाबून बसवलेलं
कसल्याशा डब्याचं झाकण, काठोकाठ,
आणि काठावर हुदहुद्या,
तुरा मिटलेला.
एक घोट, मान वर, डावीकडे नजर.
एक घोट, मान वर, माझ्याकडे नजर.
उडाला नाही.

हिरव्या वर्दीतला माळी आला धावत,
हबीबुर, सिल्हेटचा.
माझ्या खिशावरचा कंपनीचा बिल्ला
घरी ठेवायचा राहिला होता.
"लीक नाही साहेब," तो त्याच्या हिंदीत म्हणाला,
"मीच ठेवलंय. जूनमध्ये एक इथेच पडला होता.
चोच उघडी."
मग पाना काढला खिशातून,
माझ्यासमोर धरला.
"बंद करू?"

मी सवयीने हिशेब मांडला.
मिनिटाला चार थेंब,
दिवसाला पेलाभर, थोडं वर.
हे पाणी समुद्रात होतं,
मीठ मागे टाकून आमच्या नळांत आलं,
आमच्यातल्याच कुणाच्या अंघोळीला लागलं,
मग गाळून, निवळून, जांभळ्या नळीतून
या कडुनिंबांपर्यंत.
एवढ्या लांबून आलेलं,
आणि शेवटच्या वितीवर
एका पाखराच्या घशात गेलं
तर कुठल्या रकान्यात धरायचं?
वापर? तूट?
आमच्या फॉर्मवर तिसरा रकाना नाही.

हबीबुर थांबलेला.
हुदहुद्याही.
मागून कुणीतरी सायकलची घंटी वाजवली,
वाटेतून सरका म्हणून.

मी म्हटलं, झाकण लहान पडतंय.
बघ, या बाजूने सांडतंय.
ते मात्र वाया.

दुसरी फेरी झाली नाही.
कोथिंबीरही राहिली.
शैलजा काही बोलायच्या आत मीच विचारलं,
वरच्या फळीवर शंकरपाळ्यांच्या डब्याचं
ते मोठं झाकण आहे ना,
डबा हरवला तेव्हापासून नुसतंच पडलेलं?
काढून ठेव.
उद्या फिरायला जाताना लागेल.